गुडघ्याची वाटी, तालमीची माती

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक फेरी मारतो, पायाला बसली तर चप्पल घेतो आणि गावाकडची गाडी धरतो. आपण शेतकरी मंडळी, त्यामुळे गुळाचा भाव काय निघाला हे विचारल्याशिवाय आपला पाय त्या गावातून निघत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्या घरात एखादा पोरगा लंगोट लावून पहाटे जोर काढतो, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी तिथे आणखी दोन जागा पाहाव्यात असे मी सांगेन. एक जागा म्हणजे तालीम. दुसरी तालमीपासून लांब नसते. एखाद्या गल्लीत जिना चढून वर गेले की दोन खाटा, एक सायकल, रबरी पट्टे आणि भिंतीवर हाडांच्या सापळ्याचे चित्र दिसते. पाटीवर लिहिलेले असते ‘फिजिओथेरपी’. सरकारी भाषेत भौतिकोपचार.

गेल्या फाल्गुनात खोडवा उसाच्या एका प्रशिक्षणासाठी मी तीन दिवस कोल्हापुरात होतो. दिवसभर पाचट आच्छादनावर बोलायचे, सकाळ-संध्याकाळ मोकळी. वाटेत कराड लागले. कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मात्र पुढच्या, म्हणजे १९५६ च्या ऑलिंपिकला खाशाबा का गेले नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असते. गुडघा दुखावला होता. हेलसिंकीत पदक घेतलेला पैलवान गुडघ्यापायी मेलबर्नला जाऊ शकला नाही. ते पोलीस खात्यात नोकरीला होते. त्या काळी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण नुकते कुठे रुजत होते, तेही पोलिओच्या मुलांसाठी. गावच्या पैलवानापर्यंत ते पोहोचायला पुढची कैक वर्षे गेली.

कोल्हापुरात पोहोचलो त्या संध्याकाळी खासबाग मैदान पाहून आलो. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले हे मैदान १९१२ साली खुले झाले. मध्ये हौदा आणि सभोवार चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, तेव्हा रोमचे जुने मैदान पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली असे सांगतात. संध्याकाळच्या वेळी रिकाम्या मैदानात बसले तरी अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत गेलो. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा नामांकित तालमी आहेत आणि पेठापेठांत लहान तालमीही पुष्कळ. मी गेलो ती लहानांपैकी एक. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा तिथे राहतो, म्हणून ओळख. आत शिरताच मातीचा वास येतो. माती पाहिली की हातात घेऊन चुरडायची ही माझ्या खात्याची सवय. लाल माती, बारीक चाळलेली, नावाला खडा नाही. तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरवलेले. रोज पहाटे पोरे ती फावड्याने खणून भुसभुशीत करतात. ती स्वतःच एक मेहनत आहे. वस्ताद म्हणाले, “साहेब, तुमच्या वाफ्यापेक्षा जास्त मशागत हाय आमची.” ते खरेच होते.

मऊ माती पडणाऱ्याला सांभाळते. पण तिची एक खोड आहे. पाय तिच्यात रुततो. हल्ली गादीवर सराव होतो, तिथे बूट गादीला धरून राहतो. दोन्हीकडे गोष्ट एकच. पंजा जमिनीत रुतलेला, समोरच्याने पट काढायला मुसंडी मारलेली, आणि वरचे अंग फिरलेले. अशा वेळी सगळा पीळ येतो तो गुडघ्यावर. खांद्यालाही दुखापत होते, मानेलाही होते. कान तर बहुतेकांचे मोडलेले. कानाच्या कुर्च्यावरची कातडी सुटून आत रक्त साठते, वेळेवर काढले नाही तर ते घट्ट होऊन कान फुलकोबीसारखा होतो. पैलवान तो अभिमानाने मिरवतो. त्याला कुणी हरकत घेऊ नये. पण मोडलेल्या गुडघ्याची मिरवणूक काढता येत नाही.

आमच्या ओळखीच्या त्या पोराचा गुडघा गेल्या श्रावणात सरावात फिरला. ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दोन तासांत गुडघा माठासारखा सुजला. हा आवाज आणि ही झटपट आलेली सूज लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुडघ्यात मधोमध चऱ्हाटासारखे दोन चिवट पट्टे एकमेकांवर फुलीसारखे गेलेले असतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवरून घसरू नयेत हे त्यांचे काम. त्यातला पुढचा पट्टा तुटला की आत रक्तस्राव होतो आणि गुडघा भराभर सुजतो. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसते, म्हणून घरचे म्हणतात, “काही मोडलं नाही, मुका मार आहे.” पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, पोरगा चालू लागतो, आणि एखाद्या दिवशी बांध उतरताना गुडघा दगा देतो. प्रत्येक दग्याला आतली गादी झिजते, फाटते. चाळिशीत हाच माणूस काठी टेकतो. लिगामेंट दाखवणारी तपासणी म्हणजे एम. आर. आय.

या पोराच्या बाबतीत आधी काय झाले ते सांगतो. त्याचे वडील त्याला एका नावाजलेल्या हाडवैद्याकडे घेऊन गेले. ते नाव मी सांगणार नाही. हाडवैद्यांविषयी सरसकट वाईट बोलणाऱ्यांतला मी नाही. तालमीतले जुने वस्ताद निखळलेले बोट झटक्यात बसवताना मी पाहिले आहेत, आणि मेहनतीनंतरची तेलाची मालीश अंगाला सुखच देते. परंतु ताज्या, सुजलेल्या सांध्यावर जोराची मालीश करणे हे सुख नव्हे. आधीच आत रक्त साठलेले, त्यात रगडून आणखी भर. कोपराच्या बाबतीत तर हे फार वाईट. मार लागलेले कोपर रगडले, ओढून सरळ केले, तर स्नायूत हाडासारखा कठीण थर धरतो आणि हात कायमचा आखडतो. बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या आणि बोटे काळीनिळी पडली, बधिर झाली, तर तो बंध त्या क्षणी सोडला पाहिजे. रात्र काढली तर हात जातो. आपल्या पोराचे नशीब एवढेच की तीनच मालिशी झाल्या. मग वस्तादांनीच त्याला वर जिना चढायला लावला.

वरच्या ताई तिशीतल्या आहेत. साडेचार वर्षांचा भौतिकोपचाराचा अभ्यासक्रम करून आलेल्या, त्यात सहा महिने रुग्णालयात उमेदवारी. माहेर शेतकऱ्याचे, त्यामुळे बोलणे सरळ. त्यांनी गुडघा हातात धरून नडगी पुढे ओढून पाहिली आणि अस्थितज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. शस्त्रक्रिया गणपतीनंतर ठरली. मधल्या चार-पाच आठवड्यांतही त्यांनी पोराला सोडले नाही. सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ करून घ्यायचा, मांडीचा स्नायू जागा ठेवायचा. ताठलेला, सुजलेला गुडघा घेऊन शस्त्रक्रियेला गेले तर नंतर तो नीट वाकायला आणि सरळ व्हायला फार त्रास देतो, असे त्यांचे म्हणणे. पेरणीआधी रान तयार करतात तसेच हे.

शस्त्रक्रियेत शल्यविशारद मांडीच्या मागच्या शिरेचा तुकडा काढतात आणि हाडांत भोके पाडून तुटलेल्या पट्ट्याच्या जागी बसवतात. इंग्रजीत त्याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात, म्हणजे आपले कलम. शब्दही तोच आणि गोष्टही तीच. आंब्याचे कलम बांधले म्हणून कुणी लागलीच त्यावर झोपाळा टांगत नाही. पण इथे एक फसवी बाब आहे, आणि ती प्रत्येक पैलवानाच्या आईबापाने ध्यानात घेतली पाहिजे. बसवलेल्या कलमाचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि नवा फुटायचा असतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते बसवले त्या दिवसापेक्षाही कच्चे होते, मग हळूहळू भक्कम होत जाते. आणि नेमके त्याच सुमारास टाके वाळलेले असतात, दुखणे थांबलेले असते, पोरगा जिना भराभर चढत असतो. त्याला वाटते आपण बरे झालो. फिजिओथेरपिस्टचे निम्मे काम व्यायाम करवून घेण्याचे असेल, तर निम्मे पोराला आवरण्याचे आहे.

मी दोन संध्याकाळी तिथे बसलो. आमचा पैलवान तेव्हा सहाव्या महिन्यात होता. ताईंनी त्याची वही दाखवली. पहिल्या आठवड्यातली नोंद अशी, की टाचेखाली टॉवेलची वळी ठेवून गुडघा खाली दाबणे, पाच मोजेपर्यंत धरून ठेवणे, दिवसातून अनेक वेळा. दोनशे बैठका मारणाऱ्या गड्याला हे काम म्हणजे थट्टा वाटली. पण करायला गेला तर मांडी हलेना. सांधा दुखावला की मेंदू त्या स्नायूला काम सांगायचेच थांबवतो आणि मांडी वाळू लागते. टेपने मोजले तेव्हा दुखऱ्या पायाची मांडी चांगल्या पायाहून तीन सेंटिमीटर बारीक भरली होती. मग सरळ पाय उचलणे, कुबड्या सोडणे, सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक, फळीवर चढउतार. डोळे मिटून एका पायावर उभे राहणे हेही एक काम आहे. तुटलेल्या लिगामेंटबरोबर पायाचा तोल सांभाळणारी जाणीवही जाते, ती पुन्हा शिकवावी लागते. चौथ्या महिन्यात हलके पळणे. नंतर उडी, पण उडीपेक्षा उतरण्याकडे लक्ष. उतरताना गुडघा आत झुकला की ताई ओरडतात, “पैलवान, गुडघा बोटांच्या रेषेत!” पूर्ण खाली बसण्याची बैठक अजून बंद होती.

त्याची आईही एका संध्याकाळी आली होती. पोराचा खुराक आता किती द्यायचा हा तिचा प्रश्न. मेहनत कमी म्हणून तूप-बदाम कमी करा, पण दूध, डाळ, अंडी कमी करू नका, मांडी भरायची आहे, असे तिला सांगितले गेले. जाता जाता तिने स्वतःचा गुडघाही दाखवून घेतला. भात लावून लावून दुखणारा. तिलाही खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम मिळाला. फी विचारली तर खुराकाच्या खर्चापुढे ती काहीच नव्हती. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो, तिथे याहून स्वस्तात भागते.

खरा पेच निराळाच होता. चैत्रात गावची यात्रा. यात्रा कमिटीने दोन नंबरच्या जोडीला या पोराचे नाव धरलेले. पत्रकाचा कच्चा मजकूर घेऊन वडील तालमीत आलेले. इनामाची रक्कम चांगली होती. वर्षभराचा दवाखान्याचा खर्च त्यात निघत होता. शिवाय गावात शब्द गेलेला. शस्त्रक्रियेला तोवर सात महिने होणार होते. वडिलांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. उसाचे बिल अजून आले नव्हते, हे मला ठाऊक होते.

“साहेब, पोरगं पळतंय, उडतंय. तुम्हीच सांगा की ताईस्नी,” असे म्हणून त्यांनी मलाच पुढे केले. मी ताईंना विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एका नॉर्वे-अमेरिकेच्या अभ्यासात शंभराहून अधिक खेळाडूंचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे पाठपुरावा केला होता. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, तितकी गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने घटत गेली. नऊ महिन्यांनंतर थांबून मात्र तसा आणखी फायदा दिसला नाही. आमच्याकडे पेरणीच्या तारखांचे प्रयोग करतात, त्यासारखेच हे मला वाटले. दुसरी गोष्ट, नुसते महिने मोजून भागत नाही. एका पायाच्या लांब उडीत आणि ताकदीच्या मोजणीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरला पाहिजे. पोराचा पाय अठ्ठ्याहत्तर भरत होता.

वडील गप्प बसणारे नव्हते. “मग ती विनेश कशी उतरली?” त्यांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. विनेश फोगाटला रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली गुडघा फिरून स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले होते. तीच २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सोने घेऊन आली. ते मिळवणारी ती भारताची पहिली महिला कुस्तीगीर. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये डावा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाच्या आत, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले. सुसाकी तोवर परदेशी पैलवानाकडून कधी हरली नव्हती. पुढे वजनात शंभर ग्रॅम जास्त भरले आणि तिला अंतिम कुस्ती खेळता आली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मधल्या काळात, शस्त्रक्रियेला सहा महिने व्हायच्या आत, ती राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली होती. ताई म्हणाल्या, “काका, तिची दुखापत आणि याची दुखापत एकच धरून चालायचं नाही. आणि तिच्याजवळ फिजिओ सकाळ-संध्याकाळ असायची. याला मी आठवड्यातनं तीनदा तासभर बघते.” विनेशने पॅरिसनंतर लिहिलेल्या निवेदनात आपल्या शल्यविशारदांबरोबर फिजिओथेरपिस्ट अश्विनी पाटील यांचेही नाव घेऊन आभार मानले होते. पदक हुकले त्या आठवड्यातही या बाईंना ती विसरली नाही, हे मला फार मोठे वाटले.

नीरज चोप्राचे उदाहरण मी दिले, कारण तो आपल्यासारखाच शेतकऱ्याच्या घरचा, पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावचा. २०१९ साली भाला फेकायच्या हाताच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडून दिली. २०२० च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळवली, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत सोने. सोडलेल्या स्पर्धेची आज कुणाला आठवणही नाही. आपल्या बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, त्याच्याही गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. देशातल्या एवढ्या मोठ्या धावपटूला थांबावे लागते, तर यात्रेतल्या कुस्तीला थांबण्यात कमीपणा कसला, असे माझे मत मी बोलून दाखवले. वडिलांना ते पटल्यासारखे दिसले नाही.

यात्रेचाच विषय आहे म्हणून ताईंनी सांगितलेले आणखी थोडे इथेच लिहून ठेवतो. यात्रा कमिटीच्या मंडळींनी वाचावे. कुस्तीत मानेवर पडलेल्या पैलवानाला हात-पाय हलवता येत नसतील, मुंग्या येत असतील किंवा मान दुखत असेल, तर त्याला उठवून बसवू नये, मान ओढू नये, खांद्यावर घेऊन तर मुळीच नाचवू नये. डोके-मान आहे तसे दोन हातांनी स्थिर धरावे, १०८ ला फोन लावावा आणि सपाट फळीवरच हलवावे. इथे पाच मिनिटांची घाई आयुष्यभराचे अंथरूण देते. खांदा निखळला तर गर्दीतल्या हौशी माणसाला तो बसवू देऊ नये. हाड तुटलेले असू शकते, जवळून शीरही जाते. हात छातीशी उपरण्याने बांधून दवाखाना गाठावा. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस शेक नको, मालीश नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवला की दुखणे कमी होते. पाय टेकवतच नसेल, हाडावर बोट लावताच कळ येत असेल, तर क्ष-किरण काढावा. हाड शाबूत असेल तर महिनाभर खाटेवर पडायचे कारण नाही, सोसेल तसे चालणे लवकर सुरू करणे हेच हल्ली योग्य समजतात.

तिसऱ्या दिवशी परतण्याआधी पुन्हा तालमीत डोकावलो. वस्ताद हौद्याच्या काठावर बसले होते, हातात तो पत्रकाचा कागद. त्यांनी चष्मा लावून दोन नंबरची जोडी वाचली, खिशातले पेन काढले आणि पोराच्या नावावर रेघ ओढली. शेजारी त्याच तालमीतल्या दुसऱ्या पोराचे नाव लिहिले. वडिलांना म्हणाले, “कमिटीला मी फोन करतो. शब्द माझ्याकडनं गेला म्हणा.” मग पोराकडे पाहून, “जेठात वर जाऊन ताईकडनं कागद आण. नव्वद भरलं तर मातीत ये. नाहीतर पावसाळाभर फळी चढ.”

वडिलांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि मला बस स्थानकावर सोडायला ते मोटारसायकल घेऊन आले. वाटेत त्यांनी खोडव्याला पहिला हप्ता कधी द्यायचा एवढेच विचारले.